शनिवार-रविवारात बालेर: लाटा कधी, चर्च कधी आणि धबधबा सोडायचा का

एका मराठी जोडप्याचा प्रश्न असा आहे. नवरा सहा महिन्यांच्या कामासाठी मनिलात आहे, बायको जानेवारीअखेर पुण्याहून दोन आठवड्यांसाठी येणार आहे. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत यायचं. दोघांनी गोव्यात सर्फिंगचा एकेक धडा घेतलाय. त्याला बरं पोहता येतं, तिला जेमतेम. ती शाकाहारी आहे. फिलिपिन्समधल्या सर्फिंगच्या दोन ठिकाणांपैकी बालेरला जावं की ला उनियनला? आणि सर्फिंग करून बाकीचं काय काय बघून होईल?

मी मनिलात राहते, बालेरच्या पाण्यात नेमानं उतरते, आणि इथं येणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींना पहिल्यांदा बोर्डवर उभं करायचं काम बरीच वर्षं आवडीनं करत आलेय. त्या जोरावर सांगते: बालेरला जा. दोन दिवसांत होतं. फक्त पाहण्याच्या ठिकाणांची यादी आधी आणि उरलेल्या वेळात सर्फिंग, असं ठरवू नका. सकाळचं पाणी सर्फिंगला द्या आणि बाकी सगळं त्याच्या भोवती बसवा. बालेरमध्ये वेळापत्रक समुद्र ठरवतो. तिथलं गावही समुद्रानंच घडवलंय, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी ला उनियनचा प्रश्न. मनिलाहून सर्फिंगला जाणारे लोक बहुतेक सान हुआनला, म्हणजे ला उनियन प्रांतात जातात. रस्ता सोपा, बराचसा द्रुतगती मार्गानं. किनारा पश्चिमेला आहे, त्यामुळे हिवाळ्यातला ईशान्येचा वारा तिथं जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. संध्याकाळी कॅफे, गाणी, गर्दी. केवळ सर्फिंग हवं असेल तर ला उनियन वाईट नाही, आणि जानेवारीत नवशिक्यांना ते कदाचित जास्त सोयीचंही पडेल. पण तुम्ही दोन्ही विचारलंय, लाटाही आणि बघण्यासारखं काहीही. बालेर लुझॉन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, थेट प्रशांत महासागराच्या तोंडावर आहे. पाठीशी सिएरा माद्रेचे डोंगर, मध्ये भातखाचरं, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी जगाच्या इतिहासात नोंद झालेलं एक चर्च. दोन दिवसांत एवढं सगळं एका गावात ला उनियनला मिळत नाही. सियारगाव हे तिसरं नाव कुणी सुचवलं तर ते विमानानं जायचं बेट आहे, किमान चार-पाच दिवस हाताशी असतील तेव्हासाठी ठेवा.

आता हंगाम. आपल्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला आणि थंडीत शांत असतो. बालेरला हे उलटं आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ईशान्य मोसमी वारा वाहतो, तिथले लोक त्याला आमिहान म्हणतात. तोच लाटा आणतो. जूनपासूनचा नैर्ऋत्य वारा, हाबागात, हा पश्चिम किनाऱ्याला झोडपतो आणि पूर्वेकडचं पाणी बहुतेक वेळा सपाट ठेवतो, एखादं वादळ जवळून गेलं तरच तिथं लाटा उठतात. म्हणजे तुमचा जानेवारी भर हंगामातला आहे. याचा आनंद अनुभवी माणसाला जास्त, नवशिक्याला थोडा कमी, कारण तुमच्यासाठी सर्वांत मऊ पाणी फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिल-मेपर्यंत असतं. तरी जानेवारीत शिकता येतं. फक्त तुम्ही किनाऱ्यालगतच्या फेसाळ पाण्यातच राहायचं, मोडायच्या आधीच्या हिरव्या लाटेच्या मागं लागायचं नाही.

अजून एक गोष्ट मनिलात बसून लक्षात येत नाही. जानेवारीत मनिला कोरडी, उन्हाची असते. सिएरा माद्रे ओलांडली की पलीकडे ढग आणि पावसाची झिमझिम असू शकते, कारण आमिहान समुद्रावरचं बाष्प घेऊन याच डोंगरांवर आदळतो. छत्री नको, वारा अडवणारं जॅकेट घ्या. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास असतं, वेटसूट लागत नाही. पण बाहेर आल्यावर वाऱ्यात कुडकुडायला होतं, त्यामुळे किनाऱ्यावर कोरडा टॉवेल आणि गरम कॉफी मिळेल अशी सोय करून मगच पाण्यात उतरा.

बायकोच्या प्रवासाचंही सांगते, कारण दोन आठवडे हा आकडा इथं नेमका अडचणीचा आहे. ८ जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. म्हणून परतीचं तिकीट चौदाव्या दिवसावर टेकवू नका, एक-दोन दिवस आधीचं काढा. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी कुठला चालू व्हिसा वा वास्तव्याचा परवाना असेल तर ३० दिवस मिळतात. पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत, राहण्याचं आरक्षण, परतीचं तिकीट आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवायचा. उतरण्याआधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल ही ऑनलाइन नोंदणी करायची, ती फुकट असते. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर बंद करा.

मनिलाहून बालेर साधारण २३० किलोमीटर आहे. पाच ते सहा तास धरा. जेनेसिस कंपनीची जॉयबस मनिला महानगरातल्या कुबाओहून सुटते, रात्री उशिराचीही असते. शुक्रवारच्या जागा लवकर भरतात, म्हणून तिकीट आठवडाभर आधी काढा आणि जाताना-येतानाचं एकदम काढा. शेवटचा टप्पा घाटाचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी गोळी कुबाओलाच घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. स्वतःची गाडी घेऊन रात्री निघायचा सल्ला मी देत नाही. पावसानंतर या रस्त्यावर दरड येते, अंधारात ती जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि पहाटे दमून पोचलेला माणूस सकाळच्या धड्यात काही शिकत नाही.

राहायला साबांगला राहा, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच. गावठाण तिथून जवळच आहे, पण पहाटे उठून पाणी पाहता यावं हा मुख्य फायदा. बस पहाटे पोचते आणि खोली दुपारीच मिळते, तेव्हा हॉटेलवाल्याला आधीच विचारा की पिशव्या ठेवून अंघोळीची जागा वापरता येईल का. बहुतेक जण हो म्हणतात. कोकणात वाढलेल्या माणसाला इथं पहिल्या सकाळी चमत्कारिक वाटतं, कारण सूर्य समुद्रातून वर येतो. जानेवारीअखेर तो सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि तीच पाण्यात उतरायची सर्वांत चांगली वेळ. रात्री थंड झालेल्या डोंगरांवरून पहाटे वारा समुद्राकडे येतो, आमिहानचा जोर तेवढा वेळ कमी पडतो आणि लाटा नीट रांगेत येतात. दहानंतर वारा समुद्राकडून वाढतो, पाणी खडबडीत होतं. म्हणून नाश्ता करून, आराम करून, मग जाऊ, हा बेत इथं चालत नाही. केळं खा, पाण्यात उतरा, नाश्ता नंतर.

साबांगचा तळ वाळूचा आहे, करड्या-तपकिरी वाळूचा. पडलात तरी खडक लागत नाही, म्हणून सगळे धडे इथंच होतात. खाडीच्या दक्षिण टोकाला सेमेंतो नावाची जागा आहे, तिथं तळाशी प्रवाळाचा खडक आहे आणि लाट ताकदीची. ती अनुभवी लोकांची. काठावरून बघा, फार सुंदर लाट आहे, पण तिथं नेतो म्हणणाऱ्याला या सहलीत नाही म्हणा.

नदीच्या मुखाजवळ चार्लीज पॉइंट आहे आणि बालेरमधल्या सर्फिंगची सुरुवातच तिथली. १९७६ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कपोलांच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रपटातला लाटांवरचा प्रसिद्ध प्रसंग बालेरला चित्रित झाला. त्या जागेचं नावही त्यातल्या एका संवादावरून पडलं. चित्रपटाची माणसं गेली, काही बोर्ड मागे राहिले, आणि गावातली पोरं त्यांवर स्वतःच शिकली. आज साबांगला तुम्हाला शिकवणारा तरुण बऱ्याचदा त्याच पोरांच्या पुढच्या पिढीतला असतो. हे मला या गावाचं सर्वांत मोलाचं वैशिष्ट्य वाटतं. सर्फिंग इथं बाहेरच्या कुणी दुकान म्हणून आणून बसवलेलं नाही.

धडा घेताना शिक्षक, बोर्ड आणि तासाचा दर एकत्र ठरवा. तासाला काही शे पेसो लागतात, एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. प्रत्येकासाठी वेगळा शिक्षक घ्या. तिच्यासाठी तर हा नियमच समजा. शिक्षकाला कुया म्हणून हाक मारा, बाई असेल तर आते. दादा-ताईसारखीच ही रीत आहे आणि ती मनापासून आवडते लोकांना. आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: हिला पोहता जेमतेम येतं, कमरेच्या वर पाण्यात न्यायचं नाही. संकोच करू नका. चांगला शिक्षक ही माहिती स्वतःच विचारतो. न विचारता सरळ पाण्याकडे चालू लागणारा शिक्षक असेल तर दुसरा बघा.

जेमतेम पोहता येतं म्हणजे नक्की किती, याची माझी कसोटी सोपी आहे. तलावात न थांबता ५० मीटर जाता येतं का, आणि पाय न टेकवता दोन मिनिटं तरंगत राहता येतं का? दोन्ही जमत असेल तर फेसाळ पाण्यात शिकायला हरकत नाही. जमत नसेल तर निघायच्या आधीच्या दोन आठवड्यांत पुण्यातल्या तलावात तरंगण्याचा सराव करून यावं. तरंगता आलं की भीती निम्मी होते, आणि भीती कमी झाली की शरीर शिकायला मोकळं होतं.

बोर्ड आठ-नऊ फुटी, वरून मऊ फोमचा घ्या. लहान, देखणा, कडक बोर्ड कुणी पुढे केला तर नको. लांब बोर्ड स्थिर असतो आणि लहान लाटेतही धावतो. झोपायची जागा महत्त्वाची. फार पुढे झोपलात तर बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही त्यावरून उलटे पडता. फार मागे झोपलात तर लाट खालून निघून जाते. पायाची बोटं बोर्डाच्या शेपटीशी, हनुवटी वर. लाटेनं शेपूट उचलल्याचं जाणवलं की लगेच उठायची घाई करू नका, अजून दोन हात मारा. बोर्ड स्वतःहून धावू लागला की तळवे बरगड्यांपाशी, छाती वर, आणि पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये. गुडघ्यावर उभं राहायची सवय लावून घेऊ नका, गुडघा टेकला की तिथून उठणं कठीण जातं. नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर ठेवा. पायाकडे पाहिलं की माणूस पायाकडेच पडतो. ही उठायची हालचाल घरी चटईवर आठवडाभर रोज केली तर पाण्यातला अर्धा तास वाचतो. त्या अर्ध्या तासात उभं राहण्याऐवजी वळायला शिकता येतं.

पडायलाही शिकावं लागतं. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, पाणी कमरेएवढंच असतं. आडवं, सपाट, बोर्डापासून दूर पडायचं. दोन्ही हातांनी डोकं झाकून वर यायचं, कारण बोर्ड लीशला, म्हणजे तुमच्या पायाला अडकवलेल्या दोरीला, बांधलेला असतो आणि तो परत तुमच्याकडेच येतो. आत चालत जाताना बोर्ड बाजूला धरायचा, नाक लाटेकडे. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा येऊ द्यायचा नाही. मी पाहिलेल्या बहुतेक दुखापती याच एका चुकीनं झाल्यात: फुटलेला ओठ, सुजलेलं नाक, मुरगळलेली बोटं. लीश हाताला गुंडाळायची नाही, तीही तशीच बोटं मोडते.

आता ओढीबद्दल, हे नीट वाचा. लाटा किनाऱ्यावर आणतात ते पाणी कुठून तरी परत जातंच, आणि ते वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेनं वेगानं बाहेर जातं. हाच रिप करंट. वरून पाहिलं तर तिथं लाट मोडत नाही, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं, फेस किंवा काडीकचरा समुद्राकडे सरकताना दिसतो. न जाणणारा माणूस म्हणतो, इथं शांत आहे, इथूनच आत जाऊ. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं वाळूवर बसा आणि शिक्षकाला विचारा, आज ओढ कुठं आहे? त्याला बोट दाखवून सांगता येतं. सापडलातच तर बोर्ड सोडायचा नाही, तो तरंगतो आणि तुम्हालाही तरंगत ठेवतो. किनाऱ्याकडे सरळ पोहत दमायचं नाही. बोर्डवर पोटावर पडायचं, एक हात वर करायचा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकायचं. ही ओढ पाण्याखाली ओढत नाही, बाहेर नेते, आणि लाटा मोडतात त्या रेषेपलीकडे तिचा जोर संपतो.

अंदाज बघताना नुसती लाटेची उंची पाहून उपयोग नाही. दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे ते बघा. एक मीटर उंची आणि सात सेकंद म्हणजे वाऱ्यानं उठवलेलं, खडबडीत पण कमी ताकदीचं पाणी. तीच एक मीटर उंची बारा-तेरा सेकंदांची असेल तर ती दूरवरून आलेली आणि बरीच जोरकस, किनाऱ्यावर ती सांगितल्यापेक्षा मोठी वाटते. तुमच्यासाठी एक मीटरच्या आसपास आणि दहा सेकंदांच्या आत असेल तर उत्तम. भरती-ओहोटीची चिंता फार नको. इथला चढ-उतार मुंबईच्या मानानं बराच कमी असतो. तरी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भर भरतीला लाट अगदी काठावर आपटते, तेव्हा तासभर थांबलेलं बरं.

शनिवारी साडेआठ-नऊपर्यंत पहिला धडा उरकून, खाऊन, दोन तास झोपून मग गावात जा. ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलला जोडलेली बाजूगाडी, अर्ध्या दिवसासाठी ठरवता येते. ठिकाणांप्रमाणे दर ठरलेले असतात, बसण्याआधी विचारून घ्या.

सर्वांत आधी चर्च. सान लुईस दे तोलोसाचं हे चर्च बाहेरून साधं, पुन्हा बांधलेलं आहे, आणि आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर पडणारे पुष्कळ लोक मी पाहते. थांबा तिथं. १ जुलै १८९८ पासून पन्नासच्या आसपास स्पॅनिश शिपाई या चर्चमध्ये फिलिपिनो क्रांतिकारकांच्या वेढ्यात अडकले होते. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या तहानं स्पेननं फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकलं, ज्या राज्यासाठी ते लढत होते ते उरलंच नव्हतं, पण आतल्या लोकांना हे पटेना. बाहेरून वर्तमानपत्रं पाठवली गेली, ती त्यांना शत्रूनं छापलेली वाटली. खुद्द स्पेननं पाठवलेल्या अधिकाऱ्यावरही विश्वास बसला नाही. गोळ्यांपेक्षा बेरीबेरी या रोगानं जास्त माणसं मेली, ताजं अन्न नव्हतं म्हणून. तुकडीचा कप्तान एनरिके दे लास मोरेनास त्यातच गेला. शेवटी लेफ्टनंट सातुर्निनो मार्तिन सेरेसो यानं एका वर्तमानपत्रात आपल्या मित्राच्या बदलीची छोटीशी बातमी वाचली. त्या मित्राची ती इच्छा फक्त त्यालाच ठाऊक होती. अशी बातमी शत्रू रचू शकत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. २ जून १८९९ रोजी, ३३७ दिवसांनी, उरलेले लोक बाहेर आले. आणि फिलिपिनो अध्यक्ष एमिलिओ अगिनाल्दो यांनी ३० जूनला फर्मान काढलं की यांना कैदी नव्हे, मित्र समजावं आणि मायदेशी जाऊ द्यावं. आज ३० जून हा दिवस फिलिपिन्स आणि स्पेन यांच्या मैत्रीचा दिवस म्हणून पाळला जातो. चर्चच्या भिंतीपाशी उभं राहून हे मनात आणलं की जागा वेगळी दिसते. अकरा महिने जिथं लोक उपाशी राहिले ती जागा किती लहान आहे, हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही.

जवळच संग्रहालय आहे, म्यूसेओ दे बालेर. मानुएल केसोन याच गावात १९ ऑगस्ट १८७८ रोजी जन्मले आणि १९३५ मध्ये फिलिपिन्सच्या, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या, कॉमनवेल्थ सरकारचे अध्यक्ष झाले. बालेर ज्यात आहे त्या प्रांताचं ऑरोरा हे नाव त्यांच्या पत्नीचं. त्या ऑरोरा केसोन २८ एप्रिल १९४९ रोजी पतीच्या नावाच्या रुग्णालयाच्या उद्घाटनासाठी बालेरकडे येत असताना डोंगरातल्या रस्त्यावर हल्ल्यात मारल्या गेल्या. ही माहिती मनात ठेवून संग्रहालय पाहिलं तर तासाभरात नीट होतं. उघडं असण्याची वेळ आदल्या दिवशी हॉटेलात विचारा.

दुपारी तीनच्या पुढे एर्मिता टेकडीवर चढा. वरून साबांगची अख्खी खाडी आणि सकाळी तुम्ही जिथं पडलात ती जागा दिसते. या टेकडीमुळे बालेर उरलं. २७ डिसेंबर १७३५ च्या रात्री समुद्राची प्रचंड लाट आली आणि तेव्हाचं अख्खं गाव धुऊन गेलं. टेकडीवर चढलेली मोजकी कुटुंबं वाचली, सात कुटुंबांची नावं अजून सांगितली जातात, आणि त्यांची आडनावं गावात आजही भेटतात. चढणाऱ्या माणसांचं शिल्प तिथं आहे. आताचं गाव त्यानंतर आतल्या बाजूला वसलं. पूर्व लुझॉनचा समुद्रतळ भूकंपप्रवण आहे, म्हणून एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा: हॉटेलपासून उंचावर जायची वाट कोणती, ते विचारा. जमीन जोरात आणि बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न पाहता त्या वाटेनं निघायचं.

त्याच रस्त्यानं पुढे दिगिसित आहे. काठाजवळ समुद्रातून वर आलेले खडक, ओहोटीला त्यांत साठणारी डबकी, आणि रस्त्यालगतच एक धबधबा. चालायला काही लागत नाही. संध्याकाळचा वेळ तिथं फार छान जातो. परतीला उजेड असतानाच निघा, सूर्य सहाच्या आत डोंगरामागं जातो.

दितुमाबोचा धबधबा, ज्याला मदर फॉल्स म्हणतात, तो शेजारच्या सान लुईस गावात आहे, १४० फुटांच्या आसपास. ओढे ओलांडत, दगडांवरून, जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. पाणी फार गार आणि फार देखणं. तरी पहिल्या खेपेत मी तो सोडायला सांगते. कारण सर्फिंगचं खरं शिकणं दुसऱ्या दिवशी होतं. पहिल्या दिवशी शरीर गोंधळलेलं असतं, रात्री झोपेत ते जुळतं, आणि रविवारी सकाळी पहिल्याच लाटेला बहुतेक जण उभे राहतात. ती सकाळ धबधब्याला दिलीत तर शनिवारचे कष्ट फुकट जातात. रविवारी समुद्र उतरण्यासारखा नसेल आणि रात्री पाऊस झाला नसेल, तर मात्र वाटाड्या घेऊन धबधब्याला जा. पाऊस झाला असेल तर तिकडेही नाही, ओढे क्षणात चढतात. मग मारिया ऑरोरा या शेजारच्या गावातला बालेते बघा. आपल्या वडाच्याच गोत्रातलं हे झाड सुमारे सहाशे वर्षांचं सांगतात, आणि त्याच्या मुळ्यांच्या पोकळीतून आत शिरता येतं.

खाण्याचं. शाकाहारी माणसाला फिलिपिन्समध्ये सांभाळून राहावं लागतं, कारण भाजीतही मासळीचं पाणी, पातिस, किंवा कोळंबीची चटणी, बागोओंग, घातलेली असते. मांस नको एवढं सांगून भागत नाही, या दोन्ही गोष्टींची नावं घेऊन नको म्हणावं लागतं. बालेरची पाको ही नेच्याच्या कोवळ्या कोंबांची कोशिंबीर तिनं जरूर खावी, वरचं खारवलेलं अंडं काढायला सांगून. लसणाचा परतलेला भात, केळ्याचे तुरोन, पानात बांधलेला चिकट भाताचा सुमान, सकाळी फेरीवाल्याकडचा गरम ताहो, म्हणजे पाकातलं मऊ सोयाबीनचं पनीर, एवढ्यावर दोन दिवस चांगले निघतात. दाण्यांचा लाडू आणि चटणी पुण्याहून आणली असेल तर ती अडीनडीला बॅगेत राहू द्या. नवऱ्यानं किनिलाव, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेले ताजे मासे, एकदा तरी चाखावेत.

रोख पैसे मनिलातूनच न्या, ट्रायसिकल आणि किनाऱ्यावर कार्ड चालत नाही. लांब बाह्यांचा पाण्यातला टीशर्ट दोघांनाही हवाच. बोर्डावर घासून छाती-पोट सोलवटतं, आणि ढगाळ हवेतही ऊन भाजतं. विमा असेल तर त्यात सर्फिंग धरलंय का, ते वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत धरलेलं नसतं.

परतीची बस रविवारी एक-दोनच्या सुमाराची घ्या, दिवसाउजेडी घाट बघायला मिळतो. पांताबांगानमार्गे जाणारी असेल तर धरणाचं पाणी दिसेल. १९७० च्या दशकात हे धरण झालं तेव्हा जुनं पांताबांगान गाव पाण्याखाली गेलं. २०२४ च्या दुष्काळात पाणी इतकं आटलं की जुन्या चर्चचे अवशेष वर आले आणि विस्थापित कुटुंबं ते पाहायला आली, उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ पाहायला माणसं येतात तशी.

शेवटचं, निघायचं की नाही याचं. फिलिपिन्सच्या परिसरात वर्षाला वीसच्या आसपास चक्रीवादळं येतात, ऑक्टोबर २०१५ मधलं कोप्पू तर याच प्रांतात कासिगुरानला धडकलं होतं. जानेवारीत वादळं कमी असतात, पण आमिहानचा जोर वाढला की समुद्र तेवढाच वाईट होतो. गुरुवारी रात्री पागासा या सरकारी हवामान संस्थेचं संकेतस्थळ उघडा. ऑरोरा प्रांताच्या किनाऱ्यासाठी वादळी वाऱ्याचा इशारा असेल, किंवा वादळाचा एक नंबरचा जरी इशारा लागला असेल, तर बस पुढच्या आठवड्यावर ढकला. बायको दोन आठवडे आहे, तेव्हा पहिल्या शनिवार-रविवारचा बेत करा म्हणजे दुसरा हाताशी राहतो. हॉटेल घेतानाही तारीख बदलून मिळेल असंच घ्या.